अक्का, ठेवीची पोती अजून आतच आहेत

अक्का, तुम्ही गेल्यापासून जे भेटायला येतात ते दोन प्रश्न घेऊन येतात. एक विचारतात, "कसं हो झालं एवढ्यात?" दुसरा विचारत नाहीत. पण बोलता बोलता त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं, गोदामाच्या दाराकडं जाते, तिथं जरा रेंगाळते आणि परत माझ्या तोंडावर येते. मग सुतकाच्या घरून उठायचं तसं, 'येतो' न म्हणता उठून जातात.

मला भीती वाटते, अक्का. तुमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून कागद घेऊन बसले. तुमच्या उपकारांपासून सुरुवात करायचं ठरवलं होतं. पण हातून आधी हेच उतरलं.

त्या दाराआड जुन्या हुबळीतल्या आणि उणकलकडच्या कितीतरी घरांचा वर्षाचा जोंधळा आणि गहू आहे. तो आपला नाही. लोकांनी सुगीत विकत घेतलेला, पण घरी न नेता तुमच्यापाशी ठेवलेला. प्रत्येक पोत्यावर घराचं नाव आहे, तुमच्या अक्षरात, निळ्या रंगानं. दरवर्षी पावसाळ्याआधी तुम्ही ती पोती उलटून, धान्याला ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून पुन्हा भरायचात. यंदा उन्हाळाभर तुम्ही दवाखान्यात, आणि तुमचा भाऊ आणि मी आळीपाळीनं तुमच्या खाटेपाशी. आपल्या धान्याच्या दुकानातला माल विकला, पण गोदाम बंदच राहिलं, आणि तुमचं आजारपण म्हणून महिन्याचं धान्य न्यायलाही कुणी आलं नाही. आता बाहेर पाऊस लागून राहिलाय, भिंती ओलावल्यात, आणि आत काय झालं असेल ते मला माहीत नाही. किल्ली माझ्या कमरेला आहे. दार उघडायचा धीर होत नाही.

तुम्ही असता तर म्हणाला असता, "भितेस काय? किडा आपल्याला खात नाही, जोंधळ्याला खातो."

तुम्ही मला पाहायला कलघटगीला आलात तो दिवस आठवतो. सासूबाई आधीच गेल्या होत्या, म्हणून थोरली नणंद या नात्यानं तुम्हीच आलात. आमचं घर स्टँडजवळच्या सायकलच्या दुकानामागं होतं. वडील पंक्चर काढायचे. घरात मीच पहिली कॉलेजात गेलेली, रोज बसनं धारवाडला जाऊन बी.कॉम. झालेली. वडिलांना त्याचा एवढा अभिमान की पोहे द्यायच्या आधी त्यांनी माझं सर्टिफिकेट तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते उलटसुलट पाहिलंत आणि मला विचारलंत, "एवढं शिकलीस. काय कळलं?"

मी म्हणाले, "मागणी वाढली की भाव वाढतो."

"हे कळायला धारवाडला जावं लागतं होय?" तुम्ही इतक्या मोठ्यानं हसलात की वडील घाबरले. लग्न मोडलं असंच त्यांना वाटलं. निघताना उंबऱ्यात तुम्ही त्यांना म्हणालात, "पोरगी खोटं बोलत नाही. दुकानाला बरी आहे." भावाला बरी आहे, असं नाही. दुकानाला! तुमचा भाऊ अजून मला त्यावरून चिडवतो. तो रेल्वेच्या कारखान्यातला माणूस. धान्याचा त्याला कधी नाद नव्हता, आणि तुम्हाला वारस हवा होता.

ते सर्टिफिकेट तुम्ही फ्रेम करून आणलंत आणि दुकानात लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी टांगलंत. गिऱ्हाइकांना वाटायचं, तो सरकारी परवाना आहे. एक शेतकरी आला की आधी लक्ष्मीला आणि मग माझ्या बी.कॉम.ला हात जोडायचा. मी लाजून म्हणाले, "अक्का, त्यांना सांगा तरी." तुम्ही म्हणालात, "कशाला? बरं चाललंय." त्या दिवसापासून माझं नावच 'बी.कॉम.' झालं. रागावलात की 'अगं बी.कॉम.', लाडात आलात की 'ए बी.कॉम.' नवं लग्न होऊन आलेल्या मुलीला कुणी अशी हाक मारली की तिला केवढं सुख होतं हे तुम्हाला ठाऊक होतं की नाही कोण जाणे. मी कधी सांगितलं नाही.

मग तुम्ही मला पहिल्यांदा मार्केट यार्डात नेलंत. अडत्यांच्या दुकानांपुढं जोंधळ्याचे ढीग, आणि सगळीकडं पुरुषच पुरुष. तिथली रीत तुम्ही चालता चालता सांगितलीत: प्रत्येक ढिगासाठी खरेदीदारानं चिठ्ठीवर आपला भाव लिहून पेटीत टाकायचा. दुसऱ्यानं काय लिहिलंय ते दिसत नाही. ज्याचा भाव जास्त, त्याचा ढीग. एक व्यापारी तुम्हाला पाहून ओरडला, "एनक्का, सोसीन करकोंड बंदीरी?"

"सोसी अल्ल, तम्मन हेंडती," तुम्ही म्हणालात. सून नाही, धाकट्या भावाची बायको. आणि मान ताठ करून पुढं, "बी.कॉम.!"

"मग आम्ही घरीच गेलेलं बरं," असं तो कानडीत म्हणाला आणि सगळे हसले. तुम्हीही हसलात. मग ढिगात कोपरापर्यंत हात घातलात, तळातले दाणे वर काढलेत, हुंगलेत, एक दाढेखाली फोडलात. दुसरा मला दिलात. कट्ट असा आवाज आला तर धान्य वाळलेलं. नुसता दबला तर ओल आहे, घरात आणलं की तापणार. मग चिठ्ठी माझ्या हातात दिलीत. मी भाव लिहिला आणि तुमच्यापुढं धरला.

"मला दाखवू नकोस. टाक पेटीत."

"चुकला असला तर?"

"तर चुकेल."

ढीग दुसऱ्याला गेला. परतताना रिक्षात मी रडकुंडीला आले होते. तुम्ही म्हणालात, "गेला तो गेला. नको तो घेतला असतास तर वर्षभर घरात बसला असता." इतकी साधी समजूत मला कुठल्या प्राध्यापकानं घातली नव्हती. पुढं पुढं मी ओल मोजायचं यंत्र आणायचा हट्ट धरला तेव्हा मात्र तुम्ही वर्षभर ऐकलं नाहीत. मग तुमची दाढच काढावी लागली. गालाला रुमाल बांधून तुम्ही म्हणालात, "आण बाई ते यंत्र. आता काय जन्मभर दुसऱ्याच्या दाढेवर धंदा करू?"

ठेवीची सुरुवात माझ्यासमोर झाली. कुलकर्णी वहिनींनी जुन्या हुबळीतलं घर सोडून उणकलकडं फ्लॅट घेतला तेव्हा. दरवर्षी शिमगा झाला की त्या वर्षाचा जोंधळा भरायच्या. त्या वर्षी दुकानात नुसत्याच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "अक्का, पोतं ठेवू कुठं? बाल्कनीत एक खुर्ची मावत नाही."

"घ्या तर खरं. माझ्यापाशी राहू दे. महिन्याला लागेल तेवढा न्या."

तुम्ही हे इतकं सहज म्हणालात! आणि बघता बघता घरोघरची पोती आली. लोक जुन्या घरातून निघाले, नव्या घरात धान्याला जागा नव्हती, पण सुगीत घेतलेल्या धान्याशिवाय वर्ष सुरू झालंय असं त्यांना वाटत नव्हतं. मला त्यात बँक दिसली. तुम्हाला काय दिसत होतं ते मी विचारलं नाही.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. एका पावसाळ्यात दोन पोत्यांना कीड लागली तेव्हा मी म्हणाले, "अक्का, एकाच जातीचा, एकाच यार्डातला जोंधळा. त्यावर नावं कशाला? सगळा एकत्र ठेवू. जुना आधी काढायचा, नवा मागून भरायचा. धान्य फिरतं राहील, किडीला वेळच मिळणार नाही."

"आणि देसायांची आजी आली, माझा जोंधळा कुठाय म्हणाली, तर?"

"त्यांना तेवढाच मिळेल. तसाच मिळेल."

"तसाच. तोच नाही."

"बँकेत पैसे ठेवतो तेव्हा तीच नोट परत मिळते का?"

"नोट दाताखाली येत नाही, बी.कॉम."

पण मी गप्प बसले नाही, आणि तुम्हीही हटला नाहीत. देसायांच्या आजीला दात नाहीत, तिला मऊ भाकरीचा जोंधळा. खानावळवाल्याला लवकर न सुकणारी भाकरी हवी, त्याला दुसरा. असा प्रत्येक ढीग तुम्ही कुणाचं तरी तोंड डोळ्यांपुढं ठेवून घ्यायचात. मी म्हणायचे, हा धंदा नव्हे, हे माहेरपण झालं. तुम्ही म्हणायचात, मग काय वाईट?

तोवर बाहेर सगळं बदलत होतं. रेशनवर तांदूळ स्वस्त मिळू लागला आणि ज्यांच्या घरी दोन्ही वेळा भाकरी होती त्यांच्याकडं एक वेळ भात आला. आमच्या कलघटगीकडच्या शेतांत जोंधळ्याच्या जागी मका उभा राहिला, कारण कोंबड्यांच्या खाद्याला तो हवा आणि त्याला गिऱ्हाईक नक्की. यार्डातले जोंधळ्याचे ढीग दरवर्षी थोडे बुटके होत गेले. जोंधळा कमी पिकतो म्हणून महाग, महाग म्हणून लोक कमी खातात, कमी खातात म्हणून शेतकरी आणखी कमी पेरतो. मी हे तुम्हाला पाटीवर बाण काढून दाखवलं होतं. तुम्ही मग ती पुसून त्यावर 'नवी तूरडाळ आली आहे' असं लिहिलंत आणि दुकानाबाहेर लावलीत.

तुम्हाला भीती वाटत नाही असंच मी धरून चालले होते. एकदाच दिसली. एका वर्षी कडुनिंबाला न जुमानणारी कीड पडली आणि मी गोदामात विषारी वायूच्या गोळ्या ठेवणारा माणूस बोलावला. त्यानं खिडक्या-दारांच्या फटी कागद आणि चिखलानं बुजवल्या आणि सांगितलं, आठवडाभर कुणी आत जायचं नाही. तुम्ही दारापुढं स्टूल टाकून बसलात. जेवणसुद्धा तिथंच. मी म्हणाले, "अक्का, कुलूप आहे. कोण आत जाणार?"

"मला भीती वाटते," तुम्ही म्हणालात. एवढंच. मग थोड्या वेळानं, "यातला कुठला दाणा कुठल्या ताटात जाणार ते मला दिसतं गं."

मी हसले नाही. पण समजलंही नव्हतं. मला तेव्हा आत पोतीच दिसत होती. तुम्ही गेलात आणि आता डोळे मिटले की ताटं दिसतात. देसायांच्या आजीचं, खानावळीतल्या पोरांचं. आणि वाटतं, एखाद्या पोत्यात पीठ पडलं असेल, जाळी धरली असेल, आणि लोक म्हणतील, अक्का गेली आणि या शिकलेल्या बाईनं घालवलं.

दवाखान्यात शेवटी शेवटी तुम्ही डोळे उघडून मला विचारलंत, "गोदाम उघडलंस?"

"नाही अजून."

"उघडशील तेव्हा..."

तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. मी बाजूला झाले. ती गेली तोवर तुम्हाला झोप लागली होती, आणि मग बोलणं झालंच नाही. उघडशील तेव्हा काय, अक्का? नाकाला पदर लाव? देसायांचं पोतं आधी बघ? की तुझं म्हणणं खरं होतं, नावं पुसून टाक? मी या एका वाक्याचे इतके शेवट करून पाहिले आहेत की आता तुमचा आवाजच माझ्या आवाजासारखा ऐकू येतो. याचीही भीती वाटते.

आज सकाळी कुलकर्णी वहिनी आल्या. भेटायला पूर्वीच येऊन गेल्या होत्या. आज रिक्षा थांबवून, सरळ म्हणाल्या, "आमचं पोतं बघायचं होतं." सगळ्यांत पहिली ठेव त्यांची. त्यांनी उचललं की संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी, आणि उद्या दारात रांग. बसप्पा हमालाला हाक मारली आणि किल्ली काढली. कुलूप गंजलं होतं. बसप्पानं दोन धक्के दिले तेव्हा दार उघडलं.

आधी मी श्वास घेतला. कुबट वास होता, पण तो भिंतींचा होता. बसप्पानं वहिनींच्या नावाचं पोतं उजेडात आणलं आणि तोंड सोडलं. मी कोपरापर्यंत हात आत घातला. आत गार होतं. तापलं नव्हतं. तळातले दाणे काढून दारातल्या उजेडात पसरले. पांढरे, सबंध. एक दाढेखाली फोडला. किडा नाही, जाळी नाही. "छलो ऐती," बसप्पा म्हणाला. चांगला आहे. तुम्ही यंदा शिमग्याला भरलेलं पोतं, अक्का, इतकं नीट भरलेलं की एक उन्हाळा चुकला तरी तरलं.

"चांगला आहे की हो," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा उजळला नाही.

"रिक्षात ठेवायला सांगू?"

"नको." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "तुम्ही हे विकून टाका. नाही तर कुणाला देऊन टाका."

"म्हणजे?"

"अहो, आमच्याकडं भाकरी आता आठवड्यातून एकदा. मुलांना पोळी, नाही तर भात. गव्हाचं पीठ पाकिटातलं येतं. महिन्याला नेते तो बहुतेक जोंधळा मी कामवालीलाच देते. बरीच वर्षं झाली. अक्कांना सांगायची छाती होईना. त्या माझ्यासाठी म्हणून ढीग निवडून आणायच्या. नको कसं म्हणायचं?"

मी त्या पोत्यावरचं तुमचं अक्षर बघत राहिले. आणि एकदम ती सगळी नजर मला कळली. खांद्यावरून मागं जाणारी. आमचं धान्य नीट आहे ना, असं ती विचारत नव्हती. आता अक्का नाहीत, आता यातून मोकळं कसं व्हायचं, असं विचारत होती. किती घरं अशी असतील? किती पोती नुसती तुमच्या मायेनं भरली जात होती? किडीची भीती मी इतके दिवस उराशी धरून होते. ती बरी होती. किडीला औषध असतं.

वहिनी निघाल्या. त्यांचा पाय रिक्षात पडायच्या आत मी विचारलं, "पाकिटातलं जोंधळ्याचं पीठ कधी आणून बघितलंत?"

"आणलं होतं की. थापताना भाकरी तुटते."

"तुटणारच. दळून महिना झालेला असतो, पिठाची विरी गेलेली असते. धरून राहत नाही ते. आठवड्याला किती भाकरी होतात तुमच्याकडं?"

"रविवारी. आठ-दहा. पाहुणे आले तर जास्त."

"शनिवारी शेजारच्या चक्कीवर दळून, रविवारी सकाळी घरी पाठवते. ताजं. तेवढंच."

"घरपोच?"

"घरपोच."

त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "हे चालेल. बाजूच्या ब्लॉकमधल्या बाईलाही विचारते. तिच्या सासऱ्यांना भाकरीच लागते." आणि बसताना, अगदी सहज, "माझ्याच पोत्यातलं हवं असं काही नाही हं. कुठलाही चांगला घाला. मला काय कळतंय."

रिक्षा गेली. मी दारातच उभी राहिले. तुम्ही घराघराला वेगळा ठेवलेला जोंधळा मी एका चक्कीत घालायचं कबूल केलं होतं, तुम्हाला न विचारता, तुमच्या गोदामाच्या दारात उभं राहून. आपलं इतक्या वर्षांचं भांडण मी जिंकले होते. बसप्पानं विचारलं, पोतं आत ठेवू की चक्कीवर नेऊ? मी सवयीनं थांबले. तुम्ही आतून 'नाही' म्हणाल, मग मी काहीतरी म्हणेन, मग तुम्ही, अशी वाट पाहिली.

बसप्पा पोत्याला टेकून उभा होता. पाऊस पडत होता. आतून कुणी काही बोललं नाही, अक्का, आणि आजवर मला कशाचीच इतकी भीती वाटली नव्हती. मी म्हणाले, "चक्कीवर ने."